दुखणे कोणाचे?



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही 'जुनाट आजार आणि अद्वैत' असे कळवले. त्यावर त्यांचे उत्तर आले की, आपण कामगार कायद्यावर बोलाल अशी आमची कल्पना होती. कल्पना रास्त होती. तीस वर्षे आम्ही कारखान्यांच्या दरवाजांवर उभे राहून बोललो ते मजुरीविषयी, जादा कामाच्या पैशांविषयी, यंत्रात तुटलेल्या बोटाच्या भरपाईविषयी. ब्रह्म खरे की जग खरे, हा वाद आमच्या सभांतून कधी निघाला नाही. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे; पुढचे जे झाले ते वाचनालयांच्या बाकांवर आणि लोकलगाडीत. संस्कृत आम्हांला येत नाही. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये.

शिवाय बोर्डीला बोलायचे म्हणजे थोडे दडपण येतेच. हे आचार्य भिसे यांचे गाव. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बालशिक्षणाचे काम इथेच आरंभिले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुलांना आपल्या हातांनी काही करता करता शिकू द्यावे, हे ज्या गावात सांगितले गेले, त्या गावात आम्हीही आमच्या हातांपासूनच सुरुवात करतो.

हा आमचा उजवा हात. ही मूठ पुरी वळत नाही. करंगळी आणि तिच्याजवळचे बोट बाहेरच राहते. संघटनेच्या माणसाची मूठच वळू नये, यावर आमच्या मित्रांनी पुष्कळ विनोद करून झाले आहेत. मोर्चात घोषणा देताना आम्ही आता पंजाच वर करतो, मग कोणी तरी हळूच विचारतो, "भाऊ, पक्ष बदलला की काय?"

आजाराचे नाव आमवात. वयाबरोबर सांधे झिजतात तो संधिवात वेगळा. यात शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था घरच्याच माणसाला चोर समजते आणि सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. आम्हांला तो २०११ साली जडला. तेव्हा आम्ही तारापूरच्या एका कारखान्यात कामाला होतो. सकाळी उठल्यावर तासदीड तास बोटे लाकडासारखी राहत. शर्टाची गुंडी लावणे हे काम आहे, हे आम्हांला वयाच्या चाळिशीनंतर कळले.

त्या दिवसांत कामगार राज्य विमा योजनेतून आजारपणाचा भत्ता मिळे, मजुरीच्या ७० टक्के आणि वर्षाकाठी जास्तीत जास्त ९१ दिवस. हे आकडे आम्ही इतरांना शेकडो वेळा समजावून सांगितले होते. स्वतःचे ९१ दिवस संपले तेव्हा प्रथमच ध्यानात आले की कायद्याने आजाराला मुदत घातली आहे, पण आजाराने तो कायदा वाचलेला नाही. ताप येतो आणि जातो; हाड मोडते आणि सांधते. त्यांत माणसाला एक आशा असते, की अमुक दिवशी मी पूर्वीसारखा होईन. जुनाट आजारात तो दिवस पंचांगात नसतो. वेदनेपेक्षा हेच जड जाते. मग माणूस दोहोंपैकी एक करतो : पूर्वीचा मी कसा होतो याचा हिशेब मांडत बसतो, नाहीतर पुढे माझे काय होणार याचा. आम्ही दोन्ही केले.

नोकरी सुटली. संघटनेचे काम पूर्णवेळ अंगावर घेतले, पण पहाटे चार ते सहा झोप नसे. त्या वेळी दासबोध हाती आला. घरात तो वडिलांच्या वेळेपासून होता. आम्ही त्यास कधी हात लावला नव्हता, कारण आमच्या चळवळीत त्याचे फारसे प्रेम नाही. तिसऱ्या दशकात समर्थांनी तीन तापांचे तीन समास लिहिले आहेत. देहातून आणि मनातून उठणारा तो आध्यात्मिक ताप. इतर भूतांच्या संगतीने होणारा तो आधिभौतिक. आणि मेल्यावर भोगायचा तो आधिदैविक. पैकी पहिल्याचा समास वाचताना आम्ही चकितच झालो. ती निव्वळ रोगांची यादी आहे! खरूज, नारू, देवी, गोवर, एकामागून एक, विमा दवाखान्याच्या नोंदवहीसारखी. संताच्या ग्रंथात आपले दुखणे असे नावानिशी आढळले की माणसाला का कोण जाणे बरे वाटते.

परंतु ती यादी दुसऱ्यांदा वाचताना आणखी एक गोष्ट दिसली. तिच्यातल्या देवी आज कुठे आहेत? आपल्या देशात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. नारूचा १९९६ साली. आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर झाले. नारूवर तर लसही नव्हती आणि रामबाण औषधही नव्हते. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, पाणी कापडातून गाळून प्यायला शिकवले, आणि माणसाच्या पायातून हातभर लांबीचा किडा निघायचा थांबला. समर्थांच्या काळी जो देहाचा भोग होता, तो आमच्या काळात पाण्याच्या व्यवस्थेचा प्रश्न ठरून मिटला. हे ध्यानात ठेवावे. पुढे याचे काम पडणार आहे.

आता मुंबईच्या एका विडीविक्याची गोष्ट. विडी कामगारांविषयी एक पत्रक लिहिण्यासाठी आम्ही माहिती जमवीत होतो. तेंदूच्या पानात तंबाखू भरून विड्या वळण्याचे काम सिन्नर-सोलापूरकडे बायका घरी बसून करतात. त्या धंद्यासाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला. तंबाखूची धूळ छातीत जाते आणि पैसे हजारावर मिळतात. या शोधात असता एका स्नेह्याने एक जाडजूड पुस्तक दिले आणि म्हटले, "हेही विडीवाल्याचेच आहे." ते निसर्गदत्त महाराजांच्या संभाषणांचे पुस्तक होते. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडातून आलेल्या गृहस्थांनी मराठी संभाषणांवरून ते इंग्रजीत केले, ते १९७३ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर गेले. आमचे इंग्रजी कोश घेऊन वाचण्याइतपतच. आठ महिने लागले.

महाराजांचे मूळ नाव मारुती शिवरामपंत कांबळी. जन्म १८९७ चा, बालपण मालवणाकडच्या कांदळगावात. मुंबईत त्यांनी आधी कारकुनी केली, मग दुकान काढले. विड्या हा त्या दुकानाचा मुख्य माल. १९३३ साली त्यांना सिद्धरामेश्वर महाराज भेटले. खेतवाडीतल्या घराच्या माळ्यावर, शिडीने चढून जाण्याच्या एका लहानशा खोलीत ते लोकांशी बोलत. स्वतः विडी ओढत आणि मराठीत बोलत. परदेशच्या लोकांसाठी शेजारी दुभाषी बसे. त्यांचे सांगणे आम्हांला समजले ते असे : 'मी अमुक आहे' असे म्हणण्याच्या आधी नुसते 'मी आहे' असे एक भान असते. नाव, जात, धंदा, दुखणे हे सगळे त्याच्यावर मागाहून चिकटते. त्या भानाशी राहावे. आणि राहता राहता तेही ज्याला कळते ते काय, हे पाहावे.

१९८० साली त्यांना घशाचा कर्करोग झाल्याचे कळले. वय त्र्याऐंशी. बोलणे हेच ज्याचे काम, त्याचा घसाच धरला. तरी त्यांनी बोलणे सोडले नाही. आवाज बसत गेला, बैठका लहान होत गेल्या. त्या अखेरच्या दोन वर्षांतली संभाषणे जीन डन या अमेरिकन बाईंनी संपादित करून ठेवली आहेत. आजार झाला आहे तो देहाला, आणि तो झाल्याचे जे जाणते त्याला काही झालेले नाही, असा त्यांचा सूर शेवटपर्यंत राहिला. ८ सप्टेंबर १९८१ रोजी ते गेले.

विडीने घशाचा आणि तोंडाचा कर्करोग होतो, हे आज शाळेतले पोरही सांगेल. महाराजांच्या बाबतीत कारण तेच, असे ठामपणे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण वाचताना ही गोष्ट आमच्या डोळ्यांआड झाली नाही, आणि ती झाकून ठेवावी असेही वाटले नाही. थोर माणसाला चंदनाची उटी लावून कोनाड्यात बसवले की तो आपल्या कामाचा राहत नाही.

आता आमची चूक सांगतो. 'मी देह नाही' हे तीन शब्द आमच्या डोक्यात असे काही शिरले की २०१४ च्या उन्हाळ्यात आम्ही औषध बंद केले. आम्हांला मेथोट्रेक्सेटची गोळी चालू होती. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आपल्यापैकी कोणाला ती चालू असेल तर वार पक्का ठरवून कॅलेंडरवर खूण करा. रोज घेतली तर ती जिवावर बेतते. तर आमचा रविवार. असे सोळा-सतरा रविवार कोरडे गेले. कोणास सांगितले नाही. पत्नीला वाटले पथ्य चालू आहे. पहिला महिना मोठ्या तेजात गेला. आपण काही तरी जिंकले असे वाटे. मग पावसाळा लागला आणि बोटे सुजून केळफुलासारखी झाली. पुन्हा दवाखान्यात गेलो तोवर दोन बोटांच्या सांध्यांचे जायचे ते गेले होते. मघाशी दाखवली ती मूठ त्या चार महिन्यांची कमाई आहे. कोणा कारखानदाराचा तीत काही दोष नाही.

डॉक्टरीणबाईंना आम्ही खरे ते सांगितले. वाटले होते रागावतील. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "तुम्ही देह नाही, हे मला मान्य आहे. पण बोटं देहाची आहेत ना? त्यांना गोळी लागते." अद्वैतावरचे इतके नेटके भाष्य आम्ही अन्यत्र वाचले नाही. पुढे कळले की रमण महर्षींनी, ज्यांच्याएवढा देहाविषयी उदास पुरुष या काळात झाला नाही, डाव्या हातावरच्या गाठीसाठी १९४९ या एका वर्षात चार वेळा शस्त्रक्रिया करू दिली. हात तोडण्यास मात्र नकार दिला. १९५० च्या एप्रिलात ते गेले. हे आधी वाचले असते तर बोटे वाचली असती. पण माणूस आधी आपल्याला आवडते तेच वाचतो.

मग या विचाराचा उपयोग काय? गोळीने सूज उतरते, तर पहाटे चारला आत्म्याचे काय काम? आम्ही अनुभवापुरते सांगतो.

पहाटे हात पेटतो तेव्हा उताणे पडून राहायचे आणि दुखते म्हणजे नेमके काय होते, ते पाहायचे. पाहू लागले की त्याचे तुकडे पडतात. एक ऊब असते, एक ओढ असते, मधूनच टाचणीसारखे काही. हे सर्व सरकते. एका जागी दोन मिनिटे टिकत नाही. आणि त्याच्या भोवती दुसरे एक मोठे गाठोडे असते : आज सभेला जाता येईल का, पन्नाशीत ही गत तर सत्तरीत काय, मुलीच्या लग्नात अक्षता तरी टाकता येतील का. ते गाठोडे हातात नसते, दुखतही नसते, आणि तरी वजन सगळे त्याचेच. ते दिसले की काही वेळा उतरून ठेवता येते. नेहमी नाही. आठवड्यातून तीनदा जमले तर आम्ही स्वतःला नशीबवान समजतो. आणि क्वचित असेही होते की ऊब, ओढ, दूर घोलवडला थांबलेल्या गाडीचा आवाज, सुरूच्या झाडांतला वारा हे सर्व एकाच पटावर येते. त्यांत 'माझे' म्हणून निराळे काही काढता येत नाही. दुखणे असते, दुखणाईत सापडत नाही. यापुढचे सांगण्याचा आमचा अधिकार नाही, कारण तेवढ्यात चहाचे आधण वाजते.

हे केवळ मनाचे खेळ आहेत, असे कोणी म्हणेल. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत जॉन कबट-झिन या गृहस्थांनी डॉक्टरांनी हात टेकलेल्या रुग्णांना असेच वेदनेकडे पाहायला शिकवण्याचा वर्ग काढला. १९८२ साली त्यांनी जुनाट वेदनेच्या ५१ रुग्णांचा वृत्तांत छापला. शंभरात ६५ जणांची वेदना तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहून अधिक उतरली होती. तुलनेसाठी दुसरा गट मात्र त्यात नव्हता, तेव्हा फार उड्या मारू नयेत. सांधे सुधारले असा दावा त्यांनीही केला नाही.

इथवर सर्व ठीक होते. घोटाळा झाला तो एका वाटाघाटीच्या बैठकीत. डब्यांना झाकणे ठोकून बसवणाऱ्या बायकांची मनगटे सुजत होती. आमची मागणी साधी : झाकणे दाबण्याचे यंत्र आणा, आणि तोवर दर दोन तासांनी दहा मिनिटे विसावा द्या. व्यवस्थापक मोठे सुशील गृहस्थ; गळ्यात माळ. ते बायकांना म्हणाले, "ताई, दुखतं ते शरीर. आपण शरीर का आहोत? मन शांत ठेवा, हे भोग भोगूनच संपतात." आमच्या अंगावर काटा आला. कारण बोलणे चूक होते म्हणून नव्हे. त्याच आठवड्यात पहाटे आम्ही स्वतःशी अगदी हेच शब्द बोललो होतो. एकच वाक्य, आमच्या उशाशी ते औषध होते आणि त्या टेबलावर ते मजुरीतली काटछाट होती.

आम्ही त्यांना नारूची गोष्ट सांगितली. यंत्र दीड वर्षाने आले. पण घरी येऊन आम्ही फार विचार केला. 'हे दुखणे मी नव्हे' असे म्हणण्याचा हक्क कोणाला? ज्याचे दुखते त्याला. दुसऱ्याने ते म्हणताच त्याचा अर्थ बदलतो. महाराजांनी स्वतःच्या घशाविषयी ते म्हटले. त्यांनी विड्या वळणाऱ्या बायकांच्या छातीविषयी ते म्हटले असते तर आम्ही पुस्तक मिटून ठेवले असते.

असे मोठ्या ऐटीत ठरवले, आणि वर्षाच्या आत आम्हीच ती चूक केली.

तलासरीच्या बाजूची एक वारली बाई आमच्या संघटनेत आहे; वीटभट्टीपासून कंपनीपर्यंत सगळे करून झालेली. तिच्या मुलाला सिकलसेल आहे. सिकल म्हणजे विळा. तलासरीत विळा म्हटला की लोकांना आधी झेंडा आठवतो. १९४५ च्या वारल्यांच्या उठावापासून तो तिथे आहे. हा विळा रक्तातला. आई आणि बाप दोघांकडून तो दोष आला तर तांबड्या पेशी वाकड्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि हाडांत अशी कळ उठते की मोठा माणूसही लोळतो. पाणी कमी प्यायले, थंडी बाधली, ताप आला की कळ येते. आता सरकारने यासाठी १ जुलै २०२३ पासून देशव्यापी मोहीम सुरू केली आहे. रक्त तपासतात, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी कळा कमी येतात. लग्नाआधी दोघांनी तपासून घ्यावे, एवढे तरी इथून जाताना ध्यानात ठेवा.

एकदा दवाखान्याच्या ओसरीवर ती बसली होती. आत पोरगा कण्हत होता. आम्ही तिला धीर द्यायला गेलो, आणि आमच्या तोंडून गेले की, "बाई, दुखतंय ते अंग. त्याच्या आत जो आहे, त्याला काही होत नाही." चांगल्या मनाने बोललो. तिने आमच्याकडे पाहिले. राग नव्हता, खरोखरच विचारत होती.

"मग रडतोय तो कोण, भाऊ?"

आम्ही गप्प झालो. आजही याचे उत्तर आम्ही ग्रंथातून देऊ शकतो. रडणाराही तोच, ऐकणाराही तोच, असे म्हणता येईल. पण ते त्या ओसरीवर म्हणवले नाही, आणि जे ओसरीवर म्हणवत नाही ते या व्यासपीठावरून म्हणण्यात काय पुरुषार्थ? इतके मात्र खरे की त्या दिवसापासून आमच्या पहाटेच्या बसण्यात फरक पडला. पूर्वी आम्ही दुखण्यापासून सुटून एखाद्या कोरड्या, उंच जागी जाऊन बसू पाहत होतो. देह खाली राहिला, आम्ही वर. ते द्वैतच होते. भिंत पाडायची सोडून आम्ही तिच्यावर चढून बसलो होतो. 'माझे' असे निराळे काही नाही, हे पहाटे खरे असेल, तर दुपारी त्या बाईच्या पोराचे कण्हणे 'तिचे' म्हणून वेगळे कसे काढून ठेवता येईल? आमच्या बोटांवरचा हक्क आम्ही सोडू. त्याच्या कळेवरचा हक्क सोडण्याची मुभा आम्हांला नाही. शास्त्रात हे बसते की नाही ते शास्त्री लोकांनी पाहावे.

गेल्या पावसाळ्यात पोराला पुन्हा कळ आली. रात्री दवाखान्यात निरोप आला तसे आम्ही गेलो. सलाईन लावलेले होते, औषध दिलेले होते. करण्यासारखे उरले नव्हते. माय एका बाजूला त्याची पाठ चोळीत होती. आमच्या हाताने चोळणे होत नाही, म्हणून आम्ही नुसता तळवा त्याच्या गुडघ्यावर ठेवून स्टुलावर बसलो. आम्ही काही बोललो नाही, तिनेही काही विचारले नाही. त्याने दोनदा पाणी मागितले. पहाटेची पहिली गाडी गेली तेव्हा त्याला झोप लागली होती. मग आम्ही उठायला गेलो तर आमचे गुडघे उठू देईनात. तेव्हा तिने उठून, दोन्ही काखांत हात घालून, आम्हांला उभे केले.